ओल्या डोळ्याला थेंब कशाला

माझ्या उजव्या डोळ्यात मांस कधीपासून वाढत होतं, हे मला नेमकं सांगता यायचं नाही. आमच्या केळव्याच्या बाजूला ते कोणी लक्षात ठेवत नाही. उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात जन्म काढला की नाकाच्या बाजूने डोळ्याच्या पांढऱ्यावर एक तांबूस पापुद्रा चढतो, हळूहळू बुबुळाकडे सरकतो, आणि एक दिवस घरात कोणीतरी म्हणतं, "डोल्यात मांस आलंय गो तुज्या." आपण म्हणतो, "हाय खरं," आणि परत वाडीत जातो. माझ्या सासूच्या दोन्ही डोळ्यांत होतं. तिने ते तसंच वागवलं.

माझं मात्र बुबुळावर चढलं. आमची पानवेलींची वाडी. पानं खुडायची, ओसरीवर बसून निवडायची, डागी वेगळी, कोवळी वेगळी, मग देठ एका बाजूला करून जुड्या लावायच्या. सगळं डोळ्यांचं काम. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या जुड्यांत डागी पान जायला लागलं. आधी व्यापाऱ्याने निरोप पाठवला. मग आमच्या ह्यांनी मी उठून गेल्यावर माझी निवडलेली पानं परत निवडायला सुरुवात केली, मला कळू नये अशा बेताने. मला कळलं. त्याच संध्याकाळी मी मुलाला बोईसरला फोन केला, म्हटलं, डॉक्टरकडे ने.

मुलाला ड्यूटी होती, म्हणून सून आली. पालघरच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला निवांत. त्यांनी माझ्या खालच्या पापणीत कागदाची एक बारीक पट्टी अडकवली आणि डोळे मिटून पाच मिनिटं बसवलं. मी सुनेला म्हटलं, "माझं तिकीट फाडलं का गो डोल्यात?" ती हसली, बाईही हसल्या. पट्टी किती भिजली ते बघून बाई म्हणाल्या, तुमचा डोळा कोरडा आहे. मग समजावून सांगितलं. डोळ्यावर पाण्याचा एक पातळ थर असतो. त्यात नुसतं पाणी नसतं, थोडा चिकटपणा असतो, वर तेलाचा हात फिरवलेला असतो. पापणी मिटली-उघडली की तो थर सारखा पसरतो. पण मध्येच असा उंचवटा आला की तो पसरत नाही, लगेच फाटतो.

"मांस काढलं की बहुतेकांचं पाणी सुधारतं," त्या म्हणाल्या. "पण लगेच नाही, आजी. काहींना आठवडे लागतात, काहींना महिने. मधल्या काळात आधीपेक्षा जास्त खुपेल, कोरडं वाटेल. तोवर थेंब सोडायचे नाहीत."

मी 'मांस काढलं की पाणी सुधारतं' एवढं पदरात बांधून उठले. बाकीचं सुनेने ऐकलं.

दिवाळी झाली आणि ऑपरेशन केलं. डोळा बधिर केला होता, दुखलं नाही, फक्त वर कोणीतरी काहीतरी करतंय हे कळत होतं. मांस काढलं आणि वरच्या पापणीखालची चांगली कातडी घेऊन त्या उघड्या जागेवर बसवली. हे ऐकल्यावर मी ह्यांना फोन करून सांगितलं, डोळ्यात कलम केलं माझ्या. हे म्हणाले, "बरं झालं, आता फल कदी धरनार ते विचार."

मी लगेच वाडीत जायला निघाले होते. सून अडून बसली. वाडीत धूळ, चुलीचा धूर, तुम्ही वाकणार, उचलणार, दोन महिने इथेच राहायचं. तिने पाच दिवसांची रजा घेतली होती माझ्यासाठी. ती तारापूरच्या एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत आहे, माल तपासायच्या खात्यात. नोकरी नवी. सहा महिने बघणार आणि मग पक्की करणार, असं तिला सांगितलेलं. त्या सहा महिन्यांतले शेवटचे दोन महिने उरले होते आणि रजा जेवढी घेता येत होती तेवढी तिने माझ्या डोळ्यावर घालवली होती. ही नोकरी मिळवायला ती किती वेळा वाणगावाहून, म्हणजे तिच्या माहेराहून, मुलाखतींना गेली ते मला ठाऊक आहे. पक्की होण्याबद्दल ती घरात फारसं बोलायची नाही. पण रोज सकाळी आठला कंपनीची बस पकडायला निघताना ओळखपत्राची फीत गळ्यात सरळ करायची, ती मी बघायचे.

आणि मग मी, आणि तिसऱ्या मजल्यावरची ती दोन खोल्यांची जागा.

सांगते तुम्हाला, बसून राहण्यासारखं कठीण काम नाही. वाकू नको, डोक्यावरून आंघोळ नको, गॅसपाशी उभी राहू नको. मग करू काय? मी गॅलरीत जायचे, परत आत यायचे. कपाटातले डबे पुसायचे, परत तेच पुसायचे. फोनवर मालिका लावायचे, अर्धी झाली की उठायचे. एखाद्या दिवशी कंपन्यांकडून वास सुटला की खिडक्या लावून घ्यायच्या आणि पंखा पाचावर ठेवून त्याच्या खाली बसायचं. तिथेही बसवायचं नाही. आमचे हे एकटे वाडी बघतायत, पाणी सोडलं असेल का, वेलींना बांधलं असेल का, डोक्यात एकामागून एक. डोळाही तसाच. आत वाळूचा कण गेल्यासारखा सारखा खुपायचा. मी पापणी चोळायला हात न्यायचे आणि अर्ध्यावर मागे घ्यायचे, दिवसातून शंभरदा.

थेंबांच्या दोन बाटल्या होत्या. एक औषधाची, चार वेळा. ती झोंबायची. दुसरी नुसती डोळ्याच्या पाण्यासारखी, सहा वेळा, तिचं काहीच जाणवायचं नाही. सुनेने एका कागदावर रकाने आखून तो फ्रिजच्या दारावर लावला होता. थेंब घातला की बरोबरची खूण करायची. सकाळचे आणि संध्याकाळचे थेंब ती घालायची. दिवसाचे माझ्यावर.

पहिले चार दिवस मी सगळे घातले. मग डोळ्याला पाणी सुटलं. पाणी म्हणजे कसं, गालावरून ओघळून हनुवटीपर्यंत. पदर ओला, उशी ओली. आता मला सांगा, असं पाणी वाहत असताना त्यात आणखी पाण्याचे थेंब कोणी घालेल का? आमच्या वाडीत पहिला धडाच तो. पानवेलीच्या वाफ्यात ओल असली की पाणी द्यायचं नाही, मूळ कुजतं. मी बोटाने माती दाबून बघायची, ओली लागली की पाट दुसरीकडे वळवायचा. चाळीस वर्षं हेच केलं, एक वेल कुजू दिली नाही. तसाच मी डोळा बोटाने बघितला, ओला होता. मग औषधाचे थेंब मी घालत राहिले, ते झोंबायचे ना, म्हणजे औषध. पाण्याचे बंद केले.

आणि खूण मात्र करत राहिले. का, तर सून संध्याकाळी येऊन पहिली फ्रिजपाशी जायची. दमून आलेली असायची. रिकामा रकाना दिसला की विचारणार, मी वाफ्याचं सांगणार, ती डॉक्टरचं सांगणार. म्हटलं, कशाला. एक बरोबरची खूण, काय तिला लागतं.

समोरच्या दारात एक बाई राहते, बिहारकडची, नवरा कंपनीत. दार उघडं ठेवून भाजी निवडत बसते. तिने मला गॅलरीत डोळे पुसताना पाहिलं.

"अम्मा, क्यों रो रही हो? बहू ने कुछ कहा?"

मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "नहीं बेटी, आँख का ऑपरेशन हुआ ना, पानी आता है."

"एक महीने बाद भी?" ती म्हणाली आणि मान हलवली. मग आत जाऊन चहा घेऊन आली.

इथे माझी दुसरी चूक. मी जोर देऊन सांगायला हवं होतं. पण खरं सांगते, दिवसभरात कोणी माणूस समोर बसून बोललं नव्हतं. ती रोज दुपारी चहा घेऊन यायला लागली, माझा हात हातात घेऊन बसायला लागली. मला ते आवडलं. ती सुनेबद्दल आडून विचारायची, "सुबह जाती है, शाम को आती है, आप अकेली?" मी म्हणायचे, "हाँ, अकेली." खोटं नव्हतं. पण डोळ्यातून पाणी वाहत असताना 'अकेली' म्हटलं की ऐकणाऱ्याला काय वाटतं, ते मला कळायला हवं होतं.

मग पालघरहून माझी नणंद आली, मला बघायला. ती दारात असतानाच समोरची बाई तिच्याशी काहीतरी बोलली. नणंद आत आली, माझ्याकडे बघत राहिली आणि कुजबुजली, "वयनी, काय छळ हाय का तुला इथं?"

"नाय गो, डोळा गळतोय."

"डावा नाय गळत तो?"

"डाव्याचं ऑपरेशन नाय झालं."

"असं व्हय," ती म्हणाली, पण तिला काही ते पटलं नाही. निघताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. ती कधी कोणाच्या पाठीवरून हात फिरवत नाही.

दोन दिवसांत गावभर झालं. केळव्याहून ह्यांचा फोन आला, बावरून गेलेले. माझ्या मुलाला आत्याने काय काय सुनावलं ते मला माहीत नाही, पण तो संध्याकाळी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सून कंपनीतून आली ती खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून माझ्यासमोर बसली.

"आई, मी तुम्हाला कधी काही टोचून बोलले का?"

"नाय गो. कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतायत. बसमध्ये मला विचारलं. आपल्या गावची एक आहे पॅकिंगला, ती म्हणाली, सासूला रडवतेस म्हणे."

मी म्हटलं, "मी सांगते सगळ्यांना, डोळा आहे म्हणून."

"तुम्ही जेवढं सांगताय तेवढं त्यांना ते जास्त खरं वाटतंय." तिने पिशवीची चेन उघडली, परत लावली. "हे म्हणतात महिनाभर रजा घे, आईजवळ थांब, लोकांचं तोंड बंद होईल. रजा मिळणार नाही, आई. आता रजा मागितली तर मला पक्की करणार नाहीत. म्हणजे सोडायची. मी अर्ज लिहून ठेवलाय. पालघरला डॉक्टरांना दाखवू परवा, त्या काय म्हणतात बघू. डोळा असाच राहणार असेल तर देते अर्ज."

फ्रिजवरचा कागद तिच्या पाठीमागे होता, मला तो दिसत होता, खुणांनी भरलेला. बोलावंसं वाटलं आणि तोंड उघडलं नाही. त्या दोन दिवसांत मी किती वेळा गॅलरीत गेले आणि आत आले, विचारू नका. पायांत नुसती चाळवाचाळव. मुलगा म्हणाला, "आई, बस ना जरा." बसले की डोळा खुपायचा, उठले की मन.

पालघरला डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात केशरी रंगाची पट्टी लावली, निळा उजेड सोडला आणि म्हणाल्या, "उघडा ठेवा, मिटू नका." मला ठेवता येईना. "बघा," त्या सुनेला म्हणाल्या, "पापणी उघडली की लगेच पाण्याचा थर फाटतोय. लावलेली कातडी मात्र छान धरली आहे. जखम भरली आहे. मग एवढा कोरडा का? थेंब किती वेळा घालता?"

"सहा वेळा," सून म्हणाली आणि पिशवीतून तो कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. एकही दिवस रिकामा नाही. बाईंनी तो नीट बघितला. मग परत माझ्या डोळ्याकडे बघितलं.

आता गप्प राहिले असते तर बाईंनी काहीतरी दुसरं औषध दिलं असतं, दोष डोळ्यावर गेला असता आणि सुनेने अर्ज दिला असता. मी म्हटलं, "दिवसाचे चार नाय घातले मी. खुणा केल्या नुसत्या."

सून कागदावरच्या खुणांकडे बघत राहिली. बाहेर कंपाउंडर नाव पुकारत होता.

"का नाही घातले, आजी?"

"पाणी वाहत होतं ना. ओल्यात पाणी कशाला घालायचं?"

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "डोळा कोरडा पडला की तो घाबरतो आणि भराभर पाणी सोडतो. ते नुसतं पाणी असतं, डोळ्यावर टिकत नाही, गालावर जातं. पाणी येणं वेगळं आणि ओल धरणं वेगळं."

मला इतकी लाज वाटली. आमची जमीन रेताड. घागरभर पाणी ओता, वर तळं दिसेल आणि थोड्या वेळाने खाली कोरडी रेती. शेणखत घातल्याशिवाय ओल धरत नाही, हे मी नव्या सुनांना शिकवलंय. मुळाचं कुजणं एवढंच धरून बसले आणि हे विसरले.

पंखा पाचावर ठेवून खाली बसायचे, फोनकडे टक लावून बघायचे, तेही निघालं. त्याने डोळा आणखी वाळतो म्हणून बाईंनी सगळं बंद करायला सांगितलं. आणि म्हणाल्या, "आत्ता हा डोळा बिघडलेला नाही. याला वेळ दिला नाही तुम्ही."

परतीच्या बोईसरच्या एसटीत सून खिडकीशी बसली. उमरोळी मागे पडल्यावर तिने विचारलं.

"किती दिवस चाललं होतं हे?"

"पहिले चार दिवस घातले होते."

"आणि मग सगळ्या खोट्या खुणा?"

"सकाळ-संध्याकाळच्या खऱ्या. तू घालायचीस त्या."

ती बाहेर बघत म्हणाली, "आमच्या खात्यात न तपासता बरोबरची खूण केली तर माणसाला त्याच दिवशी घरी पाठवतात."

"मग पाठव मला घरी. केळव्याची गाडी मिळेल अजून."

"नाही पाठवणार," ती म्हणाली. "इथेच राहून घालायचे."

तिने पिशवीची चेन जोरात ओढून लावली. रागाने की आणखी कशाने, मी विचारलं नाही. विचारायचा हक्क नव्हता मला त्या दिवशी.

घरी आल्यावर मी तिच्यासमोरच नणंदेला फोन लावला, स्पीकर चालू करून. म्हटलं, "ऐक, मला कोणी रडवत नाय. डोळ्याला पाणी येतं."

"सूनबाई बाजूला बसलीय वाटतं," नणंद म्हणाली. "घाबरू नको वयनी, मी हाय."

सुनेने कपाळावर हात ठेवला. मी म्हटलं, "अगो, थेंबच घातले नाय मी. डॉक्टरने दिलेले. वाफा ओला म्हणून पाणी बंद केलं, आनि सुनेला दाखवायला कागदावर खोट्या खुणा केल्या. आज पकडले गेले डॉक्टरपुढे."

मग नणंद जोरात हसायला लागली. "हां, आता पटलं. हे तुझंच काम. गुडघ्याच्या गोळ्या नारळाच्या आळ्यात पुरलेल्यास, आठवतं ना? भाऊ म्हणत होता, नारळाचे गुडघे बरे झाले. बिचारी ती पोर. दे तिला फोन."

सुनेने फोन घेतला. आत्याबाई तिच्याशी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, मी मुद्दाम गॅलरीत गेले. समोरच्या बाईलाही मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. ती आधी मान हलवत होती, पण खोट्या खुणांचं ऐकल्यावर तिनेही तोंडाला पदर लावला. सुनेचा भलेपणा सांगितला तो कोणी मानला नाही, माझी लबाडी सांगितल्यावर मात्र सगळ्यांना पटलं. चालायचंच.

अर्ज दिला गेला नाही. सोमवारी सून आठच्या बसला गेली.

पण डोळा काही लगेच शहाणा झाला नाही. मी सहाही वेळा थेंब घालते, पंखा दोनावर, फोन बघताना आठवणीने पापण्या मिटते. तरी दुपारी खुपतंच. वारं सुटलं की पाणी येतंच. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, काही उपयोग नाही. दुसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी उठून बराच वेळ झाल्यावर लक्षात आलं की मी अजून एकदाही डोळ्याकडे हात नेला नाही. त्या दिवशी परत खुपला, पण उशिरा.

पुढच्या तपासणीला मी एकटीच पालघरला गेले. सुनेला त्या दिवशी कंपनीत बोलावणं होतं, पक्कं करायचं की नाही ते ठरायचं होतं. तिने म्हटलं होतं, "जेवणाच्या सुट्टीत फोन करते." बाईंनी परत तो निळा उजेड लावला, मी पापणी उघडी धरली, मनात आकडे मोजले, मागच्यापेक्षा जरा पुढे गेले. बाई म्हणाल्या, "सुधारतंय. पुरतं नाही अजून. आणखी दोन-तीन महिने."

तेवढ्यात तिचा फोन आला.

"काय म्हणाल्या?"

"आधी तुझं सांग."

"झालं माझं. पक्की केली." एवढंच म्हणाली, शेजारी कोणीतरी असावं. "तुमचं सांगा आता."

"सुधारतंय म्हणाल्या. अजून दोन-तीन महिने थेंब."

"खरं सांगताय ना, आई?"

"विश्वास नसेल तर बाईंनाच विचार. समोर बसल्यात. देऊ का फोन?"

मला वाटलं, ती म्हणेल, राहू दे.

"द्या," ती म्हणाली.

मी फोन टेबलावरून पुढे सरकवला आणि दोघींचं बोलणं ऐकत बसले.